घरच्या रियाजापुरतं

२ जून
विकलं. सगळं विकलं.

सकाळी दातांचे डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले आणि माझी लाल इलेक्ट्रिक गिटार, तिचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा मोठा अ‍ॅम्प आणि आवाज बदलणारी खोकाभर पेडलं घेऊन गेले. अ‍ॅम्प उचलताना त्यांची कंबर धरली. हिने लगेच आपलं कार्ड पुढे केलं. ही फिजिओथेरपिस्ट आहे, संधी सोडत नाही.

लेकीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून बापाने वाद्य विकलं. असं दुसऱ्या कुणी केलं की आपण पेपरात वाचून हळहळतो. आमच्या घरात कुणी हळहळलं नाही. ही म्हणाली, दोन वर्षं त्या अ‍ॅम्पवर इस्त्रीचे कपडे ठेवत होते, आता ते कुठे ठेवू? फीची मोठी रक्कम हिच्याच ठेवीतून गेली हे खरं आहे. पण त्याग असा रकमेवर मोजायचा नसतो.

लेक मात्र जवळ येऊन बसली. ती दिवसभर काही ना काही गुणगुणत असते म्हणून घरात तिचं नाव भुंगा पडलंय. म्हणाली, बाबा, मी वीस जुलैला जाणार. त्याआधी आपण दोघं मिळून एक गाणं करूया ना. तू वाजव, मी म्हणते. फोनवर रेकॉर्ड करून नेईन, होस्टेलवर करमलं नाही की ऐकीन. गाणंही तिनेच निवडलंय, आम्हा दोघांच्या आवडीचं, जुनं. सोपं आहे. मध्ये नुसत्या गिटारचा एक सोलो आहे तेवढाच जरा अवघड.

मी लगेच म्हणालो, करू म्हणजे काय, करणारच! फक्त आधी वाजवायला काहीतरी आणू दे.

संकल्प: आता साधं, स्वस्त, घरच्या रियाजापुरतं सामान घ्यायचं. आठवड्याच्या आत. आणि रोज एक तास वाजवायचं.

५ जून
संशोधनाला सुरुवात. गिटार घेणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी घेणं नव्हे.

एक टक्कलवाला आहे, तो व्हिडिओत एक स्वस्त आणि एक महाग गिटार आलटून पालटून वाजवतो आणि आपण डोळे मिटून ओळखायचं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. प्रत्येक वेळी स्वस्त गिटारलाच महाग म्हणालो. याचा अर्थ माझ्या कानाला मुळातच परवडणारा आवाज आवडतो. हे आधी कळलं असतं तर केवढा खर्च वाचला असता.

९ जून
ऑफिसात बसून त्रेचाळीस गिटारींचा तक्ता केला. लाकूड, वजन, मानेची जाडी, लोकांचे अभिप्राय, सगळे रकाने. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि मी तक्रार विभागात सुपरवायझर आहे. त्यामुळे तक्ते करणं हा हातचा मळ.

साहेब मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. विचारलं, हे काय? मी म्हणालो, सुट्या भागांची तुलना. साहेब खूश झाले, म्हणाले, असाच एक दरवाज्यांचाही करा, सोमवारपर्यंत. आता तोही करावा लागणार. कलावंताला नोकरी कशी खाते ते बघा.

आज रियाज नाही. वाद्यच नाही तर काय करणार.

१३ जून
भुंगाने विचारलं, बाबा, गाणं कुठल्या पट्टीत करायचं? मी तिला समजावलं की पट्टी गिटारच्या प्रकृतीवर ठरते, गिटारची प्रकृती लाकडावर ठरते आणि लाकडाचं अजून नक्की होत नाहीये. ती उठून भांडी विसळायला गेली. पटलं असावं.

तिने आपला भाग म्हणायला सुरुवातसुद्धा केलीये. भांडी विसळताना म्हणते. पोर गुणी आहे, पण घाई फार. तयारीआधी सराव करून काय उपयोग?

१६ जून, सकाळी ११
अ‍ॅम्पची आठवण अनावर झाली म्हणून दाढ दुखत असल्याचं सांगून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

माझी लाल गिटार वेटिंग रूममध्ये, माशांच्या काचेच्या पेटीवर, भिंतीला टांगलेली. आणि अ‍ॅम्प? त्यावर मासिकांचा गठ्ठा! आम्ही निदान धुतलेले, इस्त्रीचे कपडे ठेवत होतो. डॉक्टरांना विचारलं, वाजवता की नाही? म्हणाले, छे हो, मला कुठे येतं, पण गिटार दिसली की पेशंट जरा निवांत होतात. मी तोंड उघडून पडलेला होतो, त्यामुळे यावर काही बोलता आलं नाही.

दोन दाढा किडलेल्या निघाल्या. जी दुखतेय म्हणालो होतो ती ठणठणीत आहे, पण तिला हत्यार लागल्यापासून आता ती दुखतेय. मानसिक धक्का आणि हा ठणका, यात आज रियाजाचा विषयच नाही.

२० जून
वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. गल्ल्यावर एक पोनीटेलवाला बसतो. मी गरज सांगितली: घरच्या रियाजापुरतं, स्वस्त, पण दर्जेदार. त्याने मान वर न करता एक काळी गिटार दाखवली आणि म्हणाला, ही घ्या, भरपूर झाली. इतक्या गंभीर प्रश्नाचं इतकं झटपट उत्तर! मला हसू आलं.

त्याने विचारलं, काका, तुम्ही काय वाजवता? मी आधी माझ्याकडे काय काय होतं ते सांगितलं. तो म्हणाला, ते झालं, पण वाजवता काय? मी पेडलांची यादी सांगायची राहिली होती ती सांगितली. मग त्याने गिटार माझ्या हातातच दिली. दुकानात गर्दी होती, कॉलेजातली दोन-तीन पोरं बघत होती, आणि नेमकं त्याच वेळी मला अंगठ्याला किंचित सूज जाणवली. म्हणालो, विचार करून येतो.

घरी आल्यावर हिला अंगठा दाखवला. हिने तो चारी बाजूंनी वाकवून बघितला आणि म्हणाली, या अंगठ्याला काहीही झालेलं नाही, आजवर काही करावंच लागलेलं नाही त्याला. फिजिओथेरपी हे शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे.

२४ जून
ही म्हणाली, महिनाभराच्या आत पोरगी जाणार, तू अजून तक्तेच भरतोयस. मी शांतपणे सांगितलं की पाया पक्का असला की इमारत दोन दिवसांत उभी राहते. ही पिशव्या उचलून आत निघून गेली. भुंगाची चादरी-टॉवेलांची खरेदी करून आली होती, दमली असेल.

२९ जून
गिटार घेतली!! काळी.

होय, पोनीटेलवाल्याने दाखवलेलीच. पण त्याने ती अंदाजाने दाखवली होती आणि मी अभ्यासाने तिच्यापर्यंत पोचलो. दोन्हींत फरक आहे. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला तो कळलेला दिसला नाही.

सोबत छोटा अ‍ॅम्पही आणला, डब्याएवढाच. दणक्यात पहिली कॉर्ड वाजवली. आतल्या खोलीत ही व्हिडिओ कॉलवर एका पेशंटला गुडघ्याचा व्यायाम दाखवत होती. तो पेशंट दचकून विचारता झाला की तुमच्याकडे काही पडलं का. हिने कॉल संपवला, बाहेर आली आणि एकच शब्द बोलली: हेडफोन.

३ जुलै
अ‍ॅम्प परत केला. बदल्यात काडेपेटीएवढं यंत्र आणलं, बाजारात सध्या याचीच चलती आहे. गिटारच्या भोकात खुपसायचं, कानाला हेडफोन, आणि फोनमधलं गाणंही त्यातूनच कानात येतं. म्हणजे बँडबरोबर वाजवल्यासारखं, पण बाहेर चिटपाखरालाही पत्ता नाही.

यंत्राला बारीक दोन चाकं आहेत. सुरुवातीला कानात भयंकर घूं-घूं येत होती. साधा माणूस यंत्र परत करायला पळाला असता. मी एक चाक पूर्ण खाली फिरवलं आणि घूं-घूं साफ गेली! अर्ध्या मिनिटात बिघाड पकडला. उगाच नाही तक्रार विभागात पंधरा वर्षं काढली.

४ जुलै
सरावाचं एक अ‍ॅप सापडलं. त्यात आमचं गाणं आहे, गायकाचा आवाज काढलेलं, आणि तेही दोन तऱ्हांनी: गिटारसकट आणि गिटारशिवाय. नवशिके लगेच गिटारशिवायवर उडी मारतात आणि तोंडावर पडतात. मी गिटारसकट घेतलं. सोबतीला जाणकार असला की हात आपोआप वळतो. उद्यापासून रोज एक तास.

७ जुलै
काय सांगू! काय सांगू!

परवा जरा कामात होतो, काल पाठ धरली होती, त्यामुळे आज पहिल्यांदा नीट बसलो. आणि पहिल्याच फेरीत अख्खं गाणं वाजलं. सोलोसकट! जो सोलो लाल गिटारवर मला कधी निम्मासुद्धा जमला नव्हता तो या काळ्या, स्वस्त गिटारवर लोण्यासारखा निघाला. आवाज तर असा की माझाच विश्वास बसेना.

म्हणजे इतकी वर्षं दोष माझा नव्हताच, महागड्या सामानाचा होता. त्याने मला दाबून ठेवलं होतं. हे पोनीटेलवाल्याला सांगायला हवं.

हेडफोन काढून हिला विचारलं, कसं वाटलं? ही म्हणाली, मला तर नुसती टुकटुक ऐकू येत होती. बाहेरच्याला टुकटुकच ऐकू येणार. खरं संगीत आत चालू असतं.

१० जुलै
प्रगती थक्क करणारी आहे. सोलोच्या ऐन मध्यात मला सणसणीत शिंक आली, लागोपाठ दोन, नाक पुसायला रुमालही काढला. तरी सूर तुटला नाही! हात इतका बसलाय की आता त्याला माझी गरज उरलेली नाही.

१२ जुलै
आज बारीक तार तुटली. टण्णकन गालाला लागली. पण आवाजात काडीचा फरक नाही. पूर्वी भारीतल्या तारा लावायचो तेव्हा एक तुटली की सगळा खेळखंडोबा व्हायचा. इथे पाच तारांतून सहा तारांचं काम होतंय. नवी तार आणायचा खर्च वाचला.

भुंगा म्हणाली, बाबा, आता एकदा एकत्र बसून बघूया का? तिला हेडफोन दिला असता, पण मग मी काय ऐकणार? यंत्राला एकच भोक आहे. म्हणालो, तू तुझा भाग पक्का कर, माझा झालाय. एकदम शेवटच्या संध्याकाळी करू, तुला धक्का द्यायचाय. ती म्हणाली, धक्का नको रे बाबा, सराव पाहिजे. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

१५ जुलै
तिच्या खोलीत जमिनीवर बॅग उघडी पडलीये. अर्धी भरली आहे. भिंतीवरचे फोटो काढल्यामुळे तिथे चौकोनी डाग दिसतात. मी दारातच उभा राहिलो. ती जाणार हे मला कधीपासून माहीत आहे, फी मीच भरली (बरीचशी हिने). पण माहीत असणं वेगळं आणि ती बॅग बघणं वेगळं. मला अजिबात आवडलेलं नाही तिचं जाणं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिने विचारलं, काय रे बाबा? मी म्हणालो, काही नाही, स्पीकरचा विचार करतोय.

मग खरंच स्पीकरचा विचार केला. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझी गिटार सगळ्यांना ऐकू यायला हवी ना. नवा तक्ता केला. या वेळी फक्त अठरा.

१८ जुलै
स्पीकर आला. यंत्राला जोडून दिवा लागतो का बघितलं, लागतो. वाजवून बघितलं नाही. गंमत जाईल.

१९ जुलै
आज जे झालं ते यंत्राच्या सदोष रचनेमुळे झालं, हे आधी नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो. ही सोफ्यावर, चहाचा कप घेऊन. भुंगाने तिचा फोन पुस्तकांच्या फळीवर उभा केला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी गाणं लावलं आणि वाजवायला सुरुवात केली.

दोघीही थक्क झाल्या. हिने कप खाली ठेवला. भुंगाचे डोळे चमकले, म्हणाली, अरे बाबा! आणि मग काय म्हणाली ती गाणं! इतक्या दिवसांची विसळलेली भांडी सत्कारणी लागली. मी भरून पावलो. सोलो आला. मी डोळे मिटले.

तेवढ्यात गिटारचा पट्टा सुटला. गिटार मांडीवरून घसरली आणि मी ती गुडघ्यापाशी दोन्ही हातांनी पकडली. माझे दोन्ही तळवे गिटारच्या बुडाखाली होते आणि सोलो चालू होता. उत्तम चालू होता. वरच्या सुरावर गेला, तिथे थरथरला, खाली आला.

भुंगा सोलोबरोबर गुणगुणत होती, ती थांबली. ही माझ्या हातांकडे बघत होती. मी घाईने बोटं तारांवर ठेवली, पण तोवर सोलो संपला होता. भुंगाने पुढे होऊन गिटारमधून काडेपेटी उपसून काढली. गिटार तरीही वाजत राहिली आणि कडवं पूर्ण करूनच थांबली.

ही इतकी हसली की सोफ्यावर आडवी झाली. भुंगा हसली नाही. तिने अलगद विचारलं, बाबा, इतके दिवस तू हेच ऐकत होतास? मग काडेपेटी परत खुपसली आणि मी पूर्ण खाली केलेलं चाक तिने वर फिरवलं. ते चाक गिटारच्या आवाजाचं होतं म्हणे. मी एक कॉर्ड वाजवली. तिघांनीही ती ऐकली. भुंगाने चाक पुन्हा खाली केलं.

म्हणाली, जाऊ दे ना. यंत्र नको, स्पीकर नको, नुसतीच वाजव, येईल तेवढं. मी म्हणालो, असं कसं? इलेक्ट्रिक गिटार अशी कोरडी वाजवायची नसते. तारा पाच आहेत. ट्यूनिंग नाही. तुला कायमचं न्यायचंय आणि मी असलं काहीतरी देऊ? मग मी दोघींना नीट समजावून सांगितलं की चूक कुठे झाली, दोन चाकं एकसारखी ठेवणं ही कंपनीची कशी घोडचूक आहे आणि याऐवजी कुठलं यंत्र घ्यायला हवं होतं. भुंगा माझ्या पायाशी जमिनीवर बसून ऐकत होती. मी बोलत राहिलो. थांबलो असतो तर काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. मग हिने ताटं घेतली.

गाणं राहिलं. पोरीने एकच गोष्ट मागितली होती.

२० जुलै, सकाळी ९
गेली.

गाडीच्या खिडकीशी उभं राहून मी म्हणालो, सुट्टीत येशील तेव्हा नक्की करू, तोपर्यंत तार आणून ठेवतो. ती लगेच हो म्हणाली. एरवी माझ्या कुठल्याच बोलण्याला ती एवढ्या पटकन हो म्हणत नाही. गाडी हलली तशी ही रडायला लागली. मी हिला धीर देणार होतो, पण जमलं नाही. मग दोघं तिथेच बाकावर बसून रडलो. शेवटी स्टेशनवरच्या झाडूवाल्या बाईंनी पाय वर घ्यायला सांगितलं.

२१ जुलै
काही नाही. घरात करमत नाही. गिटारला हात लावला नाही. आता हेडफोनचीही गरज नाही, हवा तेवढा आवाज करता येईल, कारण ही दिवसभर दवाखान्यात असते. तरी नाही लावला.

२२ जुलै
भुंगाचा फोन. पोचली, खोली ठीक आहे, शेजारच्या कॉटवरची मुलगी घोरते. मग म्हणाली, बाबा, एक पाठवलंय, ऐक. काल रात्री तेच ऐकत झोपले.

एकोणीस तारखेचं रेकॉर्डिंग होतं. पट्टा सुटल्यानंतर फळीवरचा फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आधीचा भाग तिने कापून टाकला, फक्त नंतरचा ठेवलाय. म्हणजे काय, तर माझं भाषण. सबंध!

चहा घेऊन ऐकायला बसलो. मुद्दे चोख आहेत. एका ठिकाणी वॅटचा आकडा चुकलाय, तेवढं तिला कळवायला हवं. पण रेकॉर्डिंगचा दर्जा सुमार. मी बोलत असताना मागे कुणीतरी सारखं गिटार वाजवतंय. दोनच कॉर्ड, आलटून पालटून, संथ, आणि ट्यूनिंगचा पत्ता नाही. त्यावर भुंगा आधी नुसतं गुणगुणते, मग हळू आवाजात अख्खं गाणं म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यामुळे दोन चाकांबद्दलचा माझा महत्त्वाचा मुद्दा धड ऐकूच येत नाही.

हिला वैतागून विचारलं, मागे कोण हे वाजवत बसलंय? ही टॉवेलांच्या घड्या करत होती. म्हणाली, अरे, तूच. बोलता बोलता मांडीवर गिटार घेऊन तुझा हात चालला होता. आम्ही एकमेकींना खुणावून गप्प बसलो, सांगितलं असतं तर थांबला असतास.

पुन्हा लावलं. या वेळी माझं बोलणं सोडून बाकीचं ऐकलं. पाच तारा, खाली उतरलेला सूर. दुसऱ्या कॉर्डला मी दर वेळी उशिरा पोचतो, आणि भुंगा दर वेळी माझ्यासाठी थांबते.